मदत हवी आहे: इताची विरुद्ध जिराया, कोण जिंकेल?

मंडळी, नारुतो (निन्जांची जपानी अॅनिमे मालिका) बघितलेल्या लोकांनी प्लीज इकडे या. माझा चुलतभाऊ काही केल्या ऐकत नाहीये, त्याच्या मते इताची (डोळ्यांतून मायाजाल टाकणारा निन्जा) समोरच्याच्या डोळ्यात बघतो आणि मॅच संपते. मी जिरायाच्या (नारुतोचा गुरू, बेडूक बोलावून लढतो) पार्टीत.

माझा मेन मुद्दा असा की पहिल्या सीरिजमध्ये इताची आणि त्याचा साथीदार किसामे हिरो नारुतोला उचलायला येतात तेव्हा इताची स्वतःच किसामेला सांगतो की जिरायाशी भिडलो तर आपण दोघं मरू, फार तर सगळेच मरू, आणि माणसं वाढवून पण काही फरक पडणार नाही. नंतर जिराया हॉटेलचा अख्खा कॉरिडॉर बेडकाची अन्ननलिका करून टाकतो आणि हे दोघं अमातेरासूने (इताचीची काळी आग) भिंत जाळून पळ काढतात, वर ती काळी आग पण जिराया गुंडाळीत सील करून ठेवतो. अजून काय प्रूफ पाहिजे?

भाऊ म्हणतो इताची खोटं बोलत होता. तो आतून कोनोहाचाच (नारुतोच्या गावाचा) माणूस, नारुतोला पकडायचंच नव्हतं, म्हणून किसामेला घाबरवून परत नेलं. आता इथे माझी बोलती बंद होते कारण हे पटण्यासारखं आहे यार. तर ते वाक्य पुरावा म्हणून धरायचं की नाही?

प्रतिसाद १
नका धरू. ओरोचिमारू पण जिरायासारखा सानिनच (तीन दिग्गज निन्जांपैकी एक) ना, त्याला इताचीने गेन्जुत्सुत (मायाजालात) अडकवून हात उडवला आणि त्याने स्वतः मान्य केलं की हा माझ्यापेक्षा भारी आहे. सानिन हा शिक्का लावून काही होत नाही. आणि आधी सांगा कोणता इताची? आजारी, धडधाकट की एदो तेन्सेईवाला (मेल्यावर जादूने परत उठवलेला)? तो शेवटचा तर मरतच नाही, मग विषयच कट.

प्रतिसाद २
ओरोचिमारूच्या खांद्यावर दोन म्हातारे बेडूक नव्हते हो 😄 सेज मोडमध्ये (निसर्गाची ऊर्जा घेऊन ताकद वाढवल्यावर) हे दोघं, फुकासाकू आणि शिमा, जिरायाला चिकटलेले असतात, साधं गेन्जुत्सु लागलं तर दुसऱ्याने चक्रा (निन्जांची ऊर्जा) सोडून तोडता येतं. त्सुकुयोमीचं (इताचीचं सगळ्यात जबर गेन्जुत्सु) मात्र अवघड आहे, आत तीन दिवस आणि बाहेर क्षणभर, बेडूक मदत करेपर्यंत खेळ खल्लास. पण बेडकांचं गेन्जुत्सु गाण्यातून लागतं, डोळ्यांचा संबंधच नाही, पेनच्या (अनेक शरीरं वापरणारा खलनायक) तीन बॉडी त्यानेच जागच्या जागी गोठवल्या होत्या. फक्त ते जमवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात इताचीने सुसानो (चक्राचं राक्षसी कवच) काढला तर त्याच्या हातात तोत्सुकाची तलवार (भोसकून सील करणारी) आहेच. माझं मत, सेज मोड आधीच चालू असेल तर जिराया, नाहीतर इताची.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही. इताची जिवंत आणि धडधाकट धरा, एदो तेन्सेई नको, सेज मोड चालू नाही, समोरासमोर मोकळं मैदान. हे लिहितानाच जाणवतंय की माझी बाजू लंगडी पडतेय 😑 पण एक राहिलंच, त्या कॉरिडॉरमधून पळाल्यावर इताची म्हणतो की आता आराम पाहिजे, तोवर त्सुकुयोमी आणि अमातेरासू दोन्ही वापरून झालेलं असतं. मग धडधाकट इताची तरी हे किती वेळा मारू शकतो? पहिला वार चुकवून जिराया जमिनीखाली गेला, तिथे बसून बेडूक बोलावले, तर? कोणीतरी यावर बोला, भावाला आज रात्री उत्तर द्यायचंय.