मदत हवी आहे : लघुपटाचा शेवटचा प्रसंग अडला आहे

वेदगंगाकाठ :
नमस्कार. निपाणीजवळच्या आमच्या गावातील मोहरमवर आम्ही लघुपट करीत आहोत. सर्व चित्रीकरण झाले आहे, परंतु शेवटच्या प्रसंगातले वाक्य बोलण्यास मुजावरचाचा तयार नाहीत. रविवारी लघुपट स्पर्धेला पाठवायचा आहे. त्यांना कसे समजवावे, हे कृपया लवकर सांगावे.

मलप्रभा :
ते वाक्य कोणते, हे आपण लिहिलेच नाही. चाचा खरे मुजावर, म्हणजे पिराच्या स्थानाची देखभाल करणारे, आहेत की नट? त्यांनी नकाराचे कारण काय सांगितले?

घटप्रभेचा_पाहुणा :
संवादच काढून टाकावा. आमच्याकडील उरसाचे चित्रीकरण करताना मी पहाटे विझत आलेल्या खाईचे (निखाऱ्यांच्या खड्ड्याचे) दृश्य घेतले होते; त्यानंतर कोणी काही बोलण्याची गरजच उरली नाही.

खानापूरकर :
चित्रपटगृहात दाखवणार असाल, तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, हे विसरू नये.

मलप्रभा :
खानापूरकर, त्यांनी प्रमाणपत्राविषयी विचारलेले नाही.

वेदगंगाकाठ :
क्षमस्व, हे आधीच लिहायला हवे होते. चाचा खरेच आमच्या पिराचे मुजावर आहेत. वाक्य असे आहे : ‘आम्ही एकमेकांचा धर्म सहन करतो, म्हणून गावात शांतता आहे.’ त्यावर ते म्हणाले, ‘पंजा (मिरवणुकीतले हाताच्या आकाराचे निशाण) उचलायचा मान पाटलांच्या घराचा, पहिला मलिदा त्यांच्याच घरून येतो. त्यात मी सहन काय करतो?’ पण स्पर्धेचा विषयच सहिष्णुता आहे!

सौंदत्तीवाला :
चाचांचे बरोबर आहे. आमच्या तालुक्यातील हिरेबिदनूरमध्ये मुसलमानांचे एकही घर नसताना हिंदू मोहरम पाळतात. तिथे कोण कोणाला सहन करणार? आपल्या शेजारच्या कुरुंदवाडात तर मशिदींमध्ये गणपती बसतात.

घटप्रभेचा_पाहुणा :
मला हे अपुरे वाटते. मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपक यांवरून गावोगावी कुरबुरी होतात, आणि त्या वगळून केवळ गोडवा दाखवलात तर बाहेरचा प्रेक्षक विश्वास ठेवणार नाही.

मलप्रभा :
मग अडचणीच्या वर्षाविषयीच विचारा. मोहरम दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो, त्यामुळे गणेशोत्सव आणि मोहरम साधारण ३३ वर्षांनी काही वर्षे एकत्र येतात. २०१९ मध्ये गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि आशुरा, म्हणजे मोहरमचा दहावा दिवस, १० सप्टेंबरला. एकाच चौकात मंडप आणि खाई असताना गावाने काय केले, एवढेच चाचांना विचारावे. लिहिलेले वाक्य त्यांच्या हातात देऊ नये.

खानापूरकर :
स्पर्धेच्या परीक्षकांना ‘सहिष्णुता’ हा शब्द ऐकू आला नाही, तर गुण कमी होतील.

सौंदत्तीवाला :
होऊ देत. मुजावरांच्या तोंडी त्यांना न पटणारे वाक्य घालणे मला त्याहून वाईट वाटते.

वेदगंगाकाठ :
काल संध्याकाळी चाचांना विचारले. कत्तलच्या रात्री, म्हणजे आशुराच्या आदल्या रात्री, गणेश मंडळाने ध्वनिक्षेपक बंद ठेवला होता, खाईची लाकडे मंडळाच्याच पोरांनी ओढून आणली होती, आणि विसर्जनाच्या दिवशी चाचांनी पिराच्या दारात सरबत ठेवले होते. मार्गावरून दोन बैठकांत वाद झाला होता, हेही त्यांनी लपवले नाही. लिहिलेले वाक्य मी काढले आहे. मात्र ते वीस मिनिटे बोलले आणि रंगात आल्यावर पूर्णपणे दखनीत, म्हणजे दक्षिणेकडील उर्दू बोलीत, गेले. मला दीड मिनिट ठेवायचे आहे. दखनी नीट समजणारे आणि कन्नड उपशीर्षके शनिवारपर्यंत लिहून देऊ शकणारे कोणी येथे आहे का?

मलप्रभा :
माझे आजोळ विजापूरचे आहे, दखनी समजते. ध्वनिफीत पाठवा.