गुरुवारी रात्री स्पेलिंगवरनं रडारड

दुसरीतल्या पोरीची आई, राजारामपुरी:
दर शुक्रवारी १० शब्दांचं डिक्टेशन असतंय, गुरुवारी रात्री घोकून घेतलं तरी सकाळी निम्मं विसरून जातीया, फ्रेंडमध्ये आय आधी की ई हे तर रोजचंच रडगाणं, काय करू सांगा की

कळंब्याचा बाबा:
ताई, एका रात्रीत नको, सोमवारपास्नं रोज दोन-तीनच शब्द घ्या आणि आदल्या दिवशीचे परत विचारा. शब्द बघायचा, हातानं झाकायचा, न बघता लिहायचा, मग तिचं तिलाच तपासू दे. आमचं पोरगं पाटीवर खडूनं लिहितंय, चुकलं की पुसतंय, वहीवर लाल फुल्या नाहीत म्हणून भांडण पण नाही

रिटायर्ड बाई:
फ्रेंडच्या शेवटी ‘एंड’ हा अख्खा शब्द आहे, तो दाखवा तिला. वेन्सडे लिहिताना मनात वेड-नेस-डे म्हणायचं, पोरं हसतात पण डी विसरत नाहीत. आणि घोकण्यापेक्षा लिहूनच घ्या, परीक्षा लेखी असत्या

आई:
वेड-नेस-डे लई भारी 😄 आत्ताच नवरा पण म्हणत बसलाय