कापडी हूड की कडक टप?

दादा, तुम्ही विचारलंत की जळगावच्या उन्हात जीपला कापडी हूडच ठेवावं की फायबरचं कडक टप बसवावं. मी अमळनेरला तीन वर्षं कापडीच वापरतोय आणि बदलणार नाही.

मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा दुपारी आत बसवत नाही, हे खरं. हूडला आतून जाड पांढरं कापड शिवून घेतलं, बराच फरक पडला.

खरा त्रास धुळीचा. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्याची काळी धूळ हूडच्या चेनच्या (झिपच्या) दातांत घट्ट बसते. एकदा घाईत जोरात ओढली नि शिवणच उसवली. आता आधी जुन्या टूथब्रशने झाडतो, मग मेणबत्ती घासतो. तेल अजिबात लावू नका, धूळ आणखी चिकटते. प्लास्टिकच्या खिडक्याही कोरड्या पुसू नका, आधी पाणी मारा. नाहीतर चरे पडून रात्री समोरच्या गाडीचा उजेड नुसता फाकतो.

कडक टप बसवायचंच ठरलं, तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही.

पण हिवाळ्यात एकदा हूड उघडून तोरणमाळचा सात पायरी घाट चढाच. कानटोपी मात्र न्या.