मदत हवी आहे: गुळपापडीच्या वड्या कडक किंवा भुसभुशीत का होतात?

गुळपापडीच्या वड्या कधी दातांना न जुमानण्याइतक्या कडक होतात, तर कधी ताटातून उचलताच त्यांचा भुगा होतो. यामागचे नेमके कारण जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. माझे प्रमाण २ वाट्या कणीक, दीड वाटी किसलेला गूळ आणि १ वाटी साजूक तूप असे आहे. कणीक मंद आचेवर तांबूस रंग येऊन कडेने तूप सुटू लागेपर्यंत भाजते, मग गॅस बंद करून गूळ व वेलदोड्याची पूड घालते, मिश्रण तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने दाबून थापते आणि गरम असतानाच वड्या पाडते.

आचेवर गूळ घातला तर त्याचा पाक होऊन वड्या कडक होतात, हे ठाऊक आहे. परंतु माझी जाड लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे लगेच घातलेला गूळ तळाशी फसफसतो आणि थोडे थांबले तर त्याचे बारीक खडे न विरघळता तसेच राहतात. मिश्रण दुसऱ्या पातेल्यात काढून मगच गूळ घालावा का? चिक्कीचा गूळ मी मुद्दामच वापरत नाही. शिवाय कणीक थोडी रवाळ दळून आणली (मला तीच चव अधिक आवडते), तर तुपाचे प्रमाण बदलावे लागेल का, आणि लागल्यास किती?