प्रॉमिनन्समधला प्लाझ्मा एवढा गळूनही ती टिकते कशी?

गिर्येकर
नमस्कार मंडळी. परवा विजयदुर्गावर, ज्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात त्या चौथऱ्यांजवळ, मित्राच्या हायड्रोजन-आल्फा (म्हणजे हायड्रोजनचा ठरावीक तांबडा प्रकाश तेवढाच दाखवणाऱ्या) दुर्बिणीतून सूर्याच्या कडेवरची एक प्रॉमिनन्स, म्हणजे कडेबाहेर ज्वालेसारखी दिसणारी रचना, पाहिली. अर्धा तास डोळा लावूनही ती तांबडी ज्वाला कुंपणाच्या वईसारखी जागच्या जागी उभी होती. घरी येऊन सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या हिनोडे या जपानी यानाची चित्रफीत लावली, तर तशाच ज्वालेतले बारीक धागे कौलांवरच्या पागोळ्यांसारखे सतत खाली उतरताना दिसले. एवढे गळूनही ती दिवसेंदिवस टिकते कशी?

खाडीकाठ
तिला ज्वाला म्हणत असलो तरी ती आग नव्हे. भोवतालचा करोना, म्हणजे सूर्याचे बाह्य वातावरण, दहा लाख अंशांहून तप्त असतो आणि त्यात सुमारे १०,००० अंशांचा, करोनापेक्षा शंभरेक पट दाट प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, लोंबकळत असतो. विद्युतभारित कणांना चुंबकीय रेषा सहजी ओलांडता येत नाहीत, त्या रेषांच्या कडेने मात्र सरकता येते. म्हणून रेषांना जिथे झोळीसारखा बाक येतो, तिथे तो साचून राहतो. सूर्यावरचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे २८ पट आहे. २०,००० किलोमीटरवरून मोकळा सुटलेला पदार्थ खाली येईपर्यंत सेकंदाला १०० किलोमीटरच्या आसपास वेग घेईल, पण आपण पाहिलेले धागे साधारण १० किलोमीटरनेच उतरतात. माझ्या मते झोळीचा सर्वांत बोलका पुरावा हा संथपणाच आहे.

चांदणवेल
खाली येणाऱ्या धाग्यांइतकेच वर जाणारे काळसर फुगेही नीट पाहावेत. ज्वालेच्या तळाशी आधी एक पोकळी फुगते, मग तिच्यातून सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास वेगाने लोट वर घुसतात. भरलेली घागर पालथी केली की पाणी खाली येते आणि हवा बुडबुड्यांनी वर जाते, तसाच हा जडाखाली हलके अडकल्याचा प्रकार असून त्याला रेले-टेलर अस्थिरता म्हणतात. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर भरपाईत आहे: करोनातला तप्त वायू निवून दाट होतो आणि गळालेल्याची जागा घेतो. आकार तोच राहतो, आतला माल मात्र बदलत असतो.

खाडीकाठ
एक पुरवणी. हीच प्रॉमिनन्स सूर्याच्या फिरण्याने कडेवरून त्याच्या तेजस्वी तबकडीवर आली की काळ्या रेघेसारखी दिसते, आणि त्या रेघेत शेजारशेजारचे धागे परस्परविरुद्ध दिशांना वाहताना आढळले आहेत.

गिर्येकर
मनापासून आभार. आकाश निरभ्र राहिले तर उद्यापासून दर तासाला तिचे रेखाटन करीन आणि येथे देईन.