‘उपकारस्तुती’ : कोणाची आणि कोणाविषयी?

विचारणा
आमच्या मंडळीतर्फे दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहावयाचे आहे. कठीण काळातही त्यांचा विश्वास ढळला नाही, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला आहे. ‘आम्ही तुमची उपकारस्तुती करतो’, ‘तुमचे आभार मानतो’ आणि ‘तुमचे अभिनंदन करतो’ यांपैकी कोणती वाक्यरचना योग्य ठरेल?

उत्तर
माझ्या मते तिन्हींपैकी एकही नाही. ‘उपकारस्तुती’ (उपकार स्मरून केलेली स्तुती) हाच शब्द ठेवावा, परंतु ती देवाची करावी आणि ज्यांच्यामुळे आनंद झाला त्यांच्या नावापुढे ‘विषयी’ किंवा ‘बद्दल’ लावावे. उपकार करणारा देव आहे आणि त्या बंधुभगिनींचा टिकलेला विश्वास हाच तो उपकार आहे. ‘अभिनंदन’ म्हटले की विश्वास हा त्यांचा पराक्रम ठरतो. ‘तुमचे आभार’ म्हटले की तो त्यांनी आपल्यावर केलेला उपकार ठरतो.

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातील मंडळीला, म्हणजे थेस्सलनीकाकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्रात या शब्दाचे सारे बळ दिसते. तेथे त्यांना आसरा देणाऱ्या यासोनाच्या घरावर जमाव चालून आल्यावर पौल व त्याचा सहकारी सीला यांना रातोरात ते शहर सोडावे लागले होते. मागे राहिलेली कोवळी मंडळी छळात टिकली की नाही, हे न कळल्यामुळे पौलाला राहवेना, म्हणून त्याने अथेनैहून (अथेन्सहून) आपला सहकारी तीमथ्य याला पाठवले. तीमथ्य परतला तो त्यांच्या विश्वासाची व प्रीतीची बातमी घेऊन. ही बातमी आणण्यासाठी पौलाने जे ग्रीक क्रियापद वापरले, ते नव्या करारात बहुतेक ठिकाणी सुवार्ता सांगण्यासाठीच येते. तुम्ही प्रभूमध्ये स्थिर आहात म्हणून आता आम्हांला जीव आला, असे तो लिहितो आणि लगेच विचारतो की, तुमच्यामुळे झालेल्या एवढ्या आनंदाबद्दल आम्ही देवाची कोणती उपकारस्तुती करावी? येथील मूळ क्रियापदाचा अर्थ परत देणे, फेडणे असा आहे. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘उतराई होणे’ हा आहे. संतांच्या उपकारांविषयी तुकोबा म्हणतात, ‘काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई’. तेथे उतराई संतांची व्हावयाची आहे, पौलाला मात्र ती देवाची व्हावयाची आहे.

पुरवणी विचारणा
पत्राच्या आरंभी देवाची अशी उपकारस्तुती लिहिणे ही त्या काळची निव्वळ रीत नव्हती का?

उत्तर
ग्रीक पत्रांत आरंभी देवतेचे आभार मानण्याची रीत होती, हे खरे. परंतु पौल ती आंधळेपणाने पाळत नाही. गलतीया प्रांतातील मंडळ्यांना, म्हणजे गलतीकरांस, लिहिताना, जेथे विश्वासच डळमळला होता, तेथे तो ही उपकारस्तुती पूर्णपणे गाळतो आणि नमस्कारानंतर थेट आश्चर्य व्यक्त करतो. उलट फिलिप्पै शहरातील मंडळीची आठवण झाली की, स्वतः बंदिवासात असूनही, तो आनंदाने प्रार्थना करतो. थेस्सलनीकाकरांच्या पत्रात तर एका उपकारस्तुतीने त्याचे मन भरत नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा तिन्ही अध्यायांत ती आली आहे.

आनंद आणि उपकारस्तुती यांचे नाते ग्रीक शब्दांतही आहे. ‘एउखारिस्तिया’ म्हणजे उपकारस्तुती. तिच्यात ‘खारिस’ म्हणजे कृपा आहे आणि ‘खारा’ म्हणजे आनंद हा शब्दही त्याच धातूचा आहे. मराठी शब्दात आनंद असा उघड दिसत नाही, म्हणून तो वाक्यात वेगळा सांगावा लागतो, आणि तुमच्या पत्रात तो अवश्य सांगावा.

वाक्य असे करता येईल : ‘संकटातही आपला प्रभूवरील विश्वास अढळ राहिला हे ऐकून आम्हांला अत्यानंद झाला असून, आपणां सर्वांविषयी आम्ही देवाची मनःपूर्वक उपकारस्तुती करतो.’