मदत हवी आहे: हिशोब विचारणाऱ्याचा मेसेज मी काढला, चुकलं का?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे. परवा रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टँकरच्या बिलांचा हिशोब मागितला. मागणी रास्तच, चार महिने कागद कोणी दाखवलेला नाही. पण शेवटी लिहिलं, "खाल्लेत ते ओका आता." सेक्रेटरींच्या आईही ग्रुपवर आहेत. सकाळी जिन्यात भेटल्या, हातातली दुधाची पिशवी तशीच धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मला राहवलं नाही, मी मेसेज काढून टाकला.

काकांचा लगेच फोन: "कलम १९ माहीत आहे ना? तोंड दाबताय माझं!"

राज्यघटनेतलं ते भाषणस्वातंत्र्याचं कलम मुख्यतः सरकारला बांधतं, आणि त्यातच बदनामी, सभ्यता यांसाठी वाजवी निर्बंधांची सोयही आहे, एवढं मला कळतं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय की सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. म्हणजे कायद्याची भीती नाही. टोचतंय ते वेगळंच: त्या एका वाक्यापायी हिशोबाचा प्रश्नही पुसला गेला.

काही जण म्हणतात, फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असं सेटिंग करा. मला ते अजिबात पटत नाही. मग हिशोब विचारायचा कोणी?

तुमच्या सोसायटीत यासाठी नियम केलेत का? अपमान कुठला आणि बोचरा प्रश्न कुठला, हे कोण ठरवतं? मेसेज काढण्याआधी लिहिणाऱ्याला बदलायला सांगता का? शब्दशः नियम असतील तर कृपया इथे टाका, रविवारी मीटिंग आहे.